बुटक्याच्या नावाची हजेरी

हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या त्या लॉन्ड्रीत सगळी कामं यंत्रं करायची, पण घडी मात्र माणसांनाच घालावी लागे, आणि तीही दोघांना. रोलरच्या इस्त्रीतून चादर गरमागरम बाहेर आली की एकानं इकडची टोकं धरायची, दुसऱ्यानं तिकडची, आणि चालत एकमेकांपर्यंत यायचं. जोड्या लावताना मुकादमानं डोकं कुठं गहाण ठेवलं होतं कोण जाणे. कारखान्यातला सगळ्यात उंच माणूस आणि सगळ्यात ठेंगणा माणूस त्यानं एकत्र जुंपले. टोकं जुळवताना लांब्या कमरेत वाकायचा आणि बुटका टाचा उंचावायचा. बाकीचे फिदीफिदी हसायचे. पण चार वर्षांत त्या जोडीच्या हातून एकही चादर जमिनीला लागली नाही.

बुटका तिथलाच. लांब्या परदेशातून आलेला, त्यामुळे त्याचं सगळं आयुष्य कामाच्या परवान्याच्या कागदावर चाले. पुढं त्याला बिस्किटांच्या कारखान्यात बरी नोकरी लागली आणि परवानाही त्या कारखान्याच्या नावावर झाला. आता दुसरीकडे कुठंही काम करायची त्याला मनाई होती. दोस्ती मात्र सुटली नाही. लांब्याची मुलगी चार वर्षांची होती आणि बुटक्याच्या खांद्यावर बसायचा हट्ट करायची. बापाच्या खांद्यावरून म्हणे तिला भीती वाटे.

लॉन्ड्रीत एक उसनवारी सर्रास चाले. कुणाला दांडी मारायची असली की मित्राला पाठवायचं. मित्रानं दांडीवाल्याचं कार्ड हजेरीच्या यंत्रात घालायचं आणि दिवसभर त्याच्याच नावानं राबायचं. चादरी वेळेवर गाडीत चढल्या की मुकादम तिकडे काणाडोळा करी. बुटक्याला दुसऱ्या एका लॉन्ड्रीत मुकादमाच्या जागेसाठी भेटायला बोलावलं होतं. ही बातमी फुटली असती तर होती ती नोकरीही गेली असती, आणि घरी बायकोला सातवा महिना. त्यानं लांब्याला गळ घातली. लांब्याची त्या दिवशी सुट्टी होती. तो आला, बुटक्याचं कार्ड घातलं आणि कामाला लागला.

त्याच दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्या दुकानदाराला मारहाण करून कुणीतरी त्याचं दुकान लुटलं. म्हाताऱ्याला एवढंच आठवत होतं की माणूस उंच होता आणि बोलणं इथलं नव्हतं. चार दिवसांनी पोलिसांनी लांब्याला उचललं. मी लॉन्ड्रीत होतो, असं तो पहिल्या मिनिटापासून सांगत होता. पोलीस लॉन्ड्रीत आले. मुकादमानं आणि बाकीच्यांनीही सरळ कानांवर हात ठेवले. मग त्यांनी बुटक्याला बोलावून कार्ड समोर धरलं आणि त्या दिवशी कामावर कोण होतं ते विचारलं.

"मीच होतो," बुटका म्हणाला.

दोन शब्द. कोर्टातही त्यानं तेच सांगितलं, लांब्याकडे न बघता. त्यानं स्वतःची समजूत घातली होती की पोलीस काही दूधखुळे नसतात, निर्दोष माणूस आज ना उद्या सुटतोच. असं मानायला सोपं जातं, कारण मग आपल्याला काहीच करावं लागत नाही. लांब्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली.

नऊ वर्षं बुटका मूग गिळून बसला. त्याची मुलगी जन्मली, चालायला लागली, शाळेत जाऊ लागली. रस्त्यात लांब्याची बायको दिसली की हा समोरच्या दुकानात शिरायचा, मग ते दुकान बायकांच्या चपलांचं का असेना. दर वर्षी तो ठरवायचा की आता सांगून टाकू, आणि दर वर्षी शेपूट घालायचा. मग एक दिवस लॉन्ड्रीच बंद पडली. गमवायला नोकरी उरली नाही, तेव्हा कुठं त्याची जीभ सुटली. त्यानं आधी बायकोला सांगितलं.  ती एवढंच म्हणाली, "नोकरी असती तर अजून नऊ वर्षं गप्प बसला असतात."

तो वकिलाकडे गेला, सगळं कबूल केलं, आणि कधी नव्हे ते डोकंही चालवलं. लॉन्ड्रीच्या प्रथमोपचाराच्या वहीत त्या दुपारची नोंद निघाली: रोलरवर उजवं मनगट भाजलं. नाव अर्थातच बुटक्याचं, कारण कार्ड त्याचं होतं. बुटक्यानं न्यायाधीशांसमोर बाही वर केली. मनगट स्वच्छ होतं. लांब्यानं बाही वर केली, तर पांढरट डाग अजून तिथं होता. पहिल्या खटल्यात तोच डाग बिस्किटांच्या भट्टीचा ठरवला गेला होता. निकालात लिहिलं गेलं की आरोपी त्या दिवशी लॉन्ड्रीत काम करत होता, म्हणून निर्दोष. बुटका कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून लहान मुलासारखा रडला.

सुटकेचे कागद निघायला आठवडा लागला, आणि तेवढ्यात परवान्याच्या कचेरीनं तीच ओळ वाचली. लॉन्ड्रीत काम करत होता, म्हणजे परवान्याचा भंग. लांब्याला तुरुंगाच्या दारातूनच परदेशी लोकांच्या कोठडीत नेलं. वकिलानं अर्ज केले, पण मायदेशी परत पाठवायचा हुकूम टळला नाही. बुटक्यानं त्याला विचारलं, तेव्हाच बोललो असतो तर? वकील कागद आवरत म्हणाला, "तेव्हा दंडावर भागलं असतं. कायदा कडक झाला तो तीन वर्षांपूर्वी."

बायको आणि मुलगी इथंच राहणार होत्या. मुलीची शाळा होती, बायकोचा परवाना वेगळा होता. जायच्या दिवशी सकाळी लांब्या त्यांना भेटला आणि मग त्यानं भेटीसाठी बुटक्याचं नाव दिलं. भेटीच्या खोलीत रंगकाम चालू होतं, म्हणून पहारेकऱ्यानं बुटक्याला थेट निजायच्या खोलीत नेलं. दहा लोखंडी खाटा, नऊ रिकाम्या. लांब्या आपल्या खाटेवरची चादर काढत होता. जाणाऱ्यानं चादर घडी करून परत द्यायची असा तिथला नियम होता.

रात्रभर घोकलेलं बोलणं बुटका सुरू करणार, तेवढ्यात लांब्यानंच विचारलं,

"ती नोकरी मिळाली होती का रे तुला?"

"कोणती?"

"त्या दिवशी भेटायला गेला होतास ती."

"नाही."

लांब्यानं चादर खाटेवरून ओढून घेतली. "मला वाटायचं, निदान ती तरी मिळाली असेल."

बुटक्याला वाटलं, यानं दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. माफ कर म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण लांब्यानं चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली आणि मागं सरकत गेला. चादर ताणली गेली. दोघं चालत एकमेकांकडे आले. सवयीनं बुटक्यानं टाचा उंचावल्या, हात वर नेले आणि लांब्याच्या वाकण्याची वाट पाहिली. लांब्या वाकला नाही. नऊ वर्षांत त्याची पाठ कायमचीच वाकली होती आणि त्याच्या हातातली टोकं बुटक्याच्या छातीपाशी येऊन थांबली होती.

बुटक्यानं टाचा खाली टेकवल्या.