इष्टजन गेलं, पन बाई आहेत

आमच्या डॉक्टर वासंतीबाईले साठ वर्सं पूर्न झाले. त्याच्या गौरवाच्या पुस्तकात सारे शिकलेसवरले लिहून राह्यले, अन् त्यात मी, सातवी शिकलेली मासोळ्या विकनारी. बाईच म्हनल्या म्हने, "यमुनालेबी लिहू द्या, बाकीचे नुसती स्तुती करतीन." त घ्या.

पयली ओळख नागभीडजवळच्या आमच्या गावात, समाजमंदिरात झाली. बाई शिबिराले आल्या होत्या अन् एकेकीच्या पोटाभोवती टेप लावत होत्या. माहा नंबर आला तवा मी म्हनली, "बाई, झंपर शिवता का? बाह्या जरा सैल ठेवजा." बाईनं वर पायलंबी नाई. "झंपर नाई, तुहं पोट मोजून राह्यली. श्वास ओढून लपवू नको." तवाच समजलं, ही बाई आपल्या तोलाची आहे.

मंग बाईनं साऱ्याइले बसवून सांगतलं. बाईच्या अंगात इस्ट्रोजन रायते. ते आहे तोवर चरबी जास्त मांड्या-कुल्ल्यावर बसते, रक्ताच्या नळ्या नरम रायते, हृदयाले राखन असते. पाळी गेली का ते घटते. मंग चरबी पोटात घुसते, साखर वाढते, हृदय उघडं पडते. "अन् जिले साखरेची बिमारी, तिची राखन त पाळी जायच्या आंधीच ढिली होते. म्हनून पाळी गेली, सुटली, असं म्हनू नका."

मले ऐकू आलं 'इष्टजन'. मी उठली, "बाई, माहं इष्टजन, माहा बुढा, त सात वर्सांपयले वारलं. पन पोट त्याच्या समोरच सुटलं होतं!"

बाया लोळल्या. बाईनं चष्मा काढून डोळे पुसले. दुसरा डॉक्टर असता त माही चूक सुधारत बसला असता. बाईनं तो शब्दच उचलला. कोरपन्यापासून वडशापर्यंत, जाईन त्या गावात विचारत, "कावो, इष्टजन आहे का गेलं?" जे सासूसमोर बोलाची चोरी, ते बाया हसत हसत सांगाले लागल्या. मोठ्या शिकलेल्या मानसानं आमचा चुकीचा शब्द मानानं वापरला, हे मी इसरली नाई.

त्याच शिबिरात मी म्हनली होती, "मंग इष्टजनाची गोळीच द्या ना."

"हृदय वाचवाले ते गोळी नाई देत. रोज पायी चाल, साखरेची गोळी चुकवू नको, भात कमी कर."

"भात सोडू? झाडीपट्टीत राहून?"

"सोडू नको. दुसऱ्यांदा वाढून घेऊ नको."

एक गोष्ट मातर बाईनं आमच्याकून घोकून घेतली. साखरवालीचं हृदयाचं दुखनं छातीतच येईन असं नाई. जबड्यात येते, पाठीत येते, नुसता घाम अन् धाप. गॅस म्हनून बसू नका.

मागच्या धानाच्या रोवन्याच्या दिवसात, सकाळी मासोळ्या निवडता निवडता माहा जबडा ठनकाले लागला. लुगडं घामानं भिजलं. सून म्हने, "आई, गॅस आहे, सोडा पेऊन पडा." मी म्हनली, "गॅस नाई वो, हे इष्टजनाचं आहे. गाडी बोलाव." तिले वाटलं वारलेले सासरे मले बोलवून राह्यले. लागली रडाले! पन गाडी बोलावली.

गाडी सरळ बाईच्या दवाखान्यात नेली. बाईनं ईसीजी काढला, गोळ्या चावाले लावल्या अन् चंद्रपूरपर्यंत गाडीत स्वता संगं बसल्या. माह्या लुगड्याले मासोळीचा वास, तरी हात सोडला नाई. मी विचारलं, "बाई, मी चालली का?"

"कुठी? बुढ्याले भेटाची इतकी घाई काऊन? त्यालेबी जरा आराम भेटू दे."

अशा वक्ती हसू आलं, काय सांगू. वाचली, म्हनून हे लिहून राह्यली.

आता बाई, माही तक्रार. साऱ्या मुलखाचे पोटं मोजता, स्वताचं कवा मोजलं? चहासंगं बिस्किटाचा पुडा कसा रिकामा होते, तुमच्या दवाखान्यातल्या मावशीनं मले सांगतलं. साठ तुमचेबी झाले, इष्टजन तुमचंबी गेलं. सत्काराले लोक शाल आनतीन, मी टेप आनीन. मंचावर नीट उभ्या रायजा, श्वास ओढून लपवू नका.

शंभर वर्सं जगा, धडधाकट जगा. आमच्या अंगातलं इष्टजन गेलं ते गेलं. हे टेपवालं इष्टजन मातर आमाले जाऊ द्याचं नाई.