आण्णा, ऑर्डर मीच वाचून दाखवली होती

जयसिंगपूरच्या स्टँडवर मला सोडायला कुणी आलं नाही, आण्णा. निघताना तुम्ही दारात उभं राहून म्हणालात, "भावाला आत घातलंस. आता हा उंबरा चढू नगं." आई आत भांडी आपटत होती. शिरोळपासून वडापच्या जीपमध्ये मी चारचौघांसमोर रडले, मग डोळे पुसून पुण्याच्या एस.टी.त बसले. त्याला वर्ष झालं, तरी राग गेलेला नाही.

मी घातलं आत?

दादानं वहिनीचा हात मोडला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "नवराबायकोचं हाय, मिटंल." वहिनी जयसिंगपूरला माहेरी गेली आणि तिथनं कोर्टात गेली. कोर्टाची ऑर्डर घरी आली, ती तुम्ही माझ्याच हातात दिलीत, कारण घरात कॉलेज शिकलेली मी एकटी. सोप्यात बसून ओळ न्‌ ओळ वाचली मी. दादानं तिला मारायचं नाही, फोन करायचा नाही, तिच्या माहेरच्या दारात जायचं नाही. मोडलं तर गुन्हा. दादा समोर चहा पीत ऐकत होता.

आणि तुम्ही काय केलंत, तर भावकीची बैठक बसवलीत. पाच जाणती माणसं, साडी-चोळी, नारळ, आणि दादाला पुढं घालून सुनेला मानानं घेऊन यायचं ठरलं. मी म्हटलं, आण्णा, जायचंच नाही असं लिहिलंय ह्यात. तुम्ही म्हणालात, "कागुद ऱ्हाऊ दे बाजूला. भावकी दारात गेल्यावर कोण न्हाय म्हणतंय?" वर म्हणालात, रुसलेल्या सुना अशाच आणत आलोय की आपण. मार खाल्लेलीला रुसलेली म्हणायचं आणि वर मान दिला म्हणायचं, किळस येते मला ह्याची.

वहिनीनं दार उघडलं नाही. दादानं साडी फेकून दिली आणि दाराला लाथा घातल्या. तिनं पोलिसांना फोन केला. त्यांनी दादाला तिथनंच उचललं, आणि तुमची जाणती माणसं गुपचूप घरी परतली.

मग आपले वकील म्हणाले, ऑर्डरमध्ये काय लिहिलंय हे दादाला ठाऊकच नव्हतं, असं सांगू. घरात कागद वाचणारी मीच, हे वहिनीकडून कळल्यावर सरकारी वकिलांनी मला साक्षीला बोलावलं. आदल्या दिवशी तुम्ही मला देवघरापुढं बसवलंत. "वाचून दावली न्हाय, एवढंच म्हण. तुला दुसरं घर हाय काय?" दुसऱ्या दिवशी मी कोर्टात उभी राहिले आणि जे झालं ते सांगितलं. दादाला तीन महिन्यांची शिक्षा झाली. आणि माझं घर गेलं.

इथं हडपसरला आधी पीजीत राहिले, आता एक खोली घेतलीय. कंपनीत शिफ्ट असते. टीममधल्या मुली विचारतात, लाँग वीकेंडला गावी का जात नाहीस? मी म्हणते, लीव्ह मिळत नाही. कांदालसणीची चटणी मॉलमधून विकत आणते आणि प्रत्येक घासाला तिला नावं ठेवते.

दादा सुटून आला. पोलीस पडताळणीत केस निघते म्हणून त्याला दोन ठिकाणी नोकरी नाकारली. आई तुमच्यापासून चोरून फोन करून म्हणायची, "तुझ्यामुळं झालं गं त्येचं वाटुळं." मी फोन आपटायची. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. म्हणाली, "ढकाललं मला त्येनं. कपाळाला टाकं पडल्यात."

"आण्णा कुठं होते?"

"बसले व्हते की, टीव्ही बघत."

आण्णा, लाज वाटायला पाहिजे होती तुम्हाला.

मी तिला सांगितलं, वहिनीला जो कायदा आहे, तोच तुलापण आहे. आई मुलाविरुद्धही अर्ज करू शकते, आणि जिथं राहशील तिथनं करता येतो. मग तिनं विचारलं, "तुझ्या खोलीत दोघी मावू काय गं?"

ती काल आली, हे तुम्हाला कळलंच असेल. आज आम्ही अर्ज लिहायला बसलो. राहण्याचा पत्ता आला तिथं सवयीनं मी शिरोळचं घर लिहायला लागले. आईनं माझा हात धरला.

"हितला घाल," म्हणाली.