बोटांतला पासवर्ड

चहा थंड करून प्यायचा, निघताना कुलूप तीनदा ओढून बघायचं आणि पासवर्ड कुठेही लिहायचा नाही, ही कॉम्प्युटरवाल्या दादाची खोड. म्हणायचा, "कागदाला पाय फुटतात."

हॉस्पिटलमधले पेशंटचे जुने रिपोर्ट तो नेटवर्क ड्राइव्हवर हलवत होता. निम्मे झाले आणि त्याला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. उरलेले रिपोर्ट त्याच्या कॉम्प्युटरवर, पासवर्डमागे अडकले.

वहिनीने खाटेवर कीबोर्ड ठेवला.

"अहो, आठवत नसेल तर बोटांना विचारा. लोकांचे उपचार खोळंबलेत हो!"

पासवर्ड डोक्यातून पुसला गेला होता, उरला होता तो दोन्ही हातांच्या सवयीत. डाव्या हाताने त्याने चार अक्षरं दाबली. पाचवं उजव्या हाताचं होतं. तो हात चादरीवर नुसता पडून राहिला.