क्लेमांतीनची हरकत

क्लेमांतीन सानूने आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या. दोलो, म्हणजे ज्वारीची दारू, गाळली आणि हामा सांगारेला शिव्या दिल्या. पहिलीवर तिचं पोट चाललं, दुसरीवर गावाची करमणूक झाली. नवरा लवकर गेला, मुली लग्न होऊन शहरात गेल्या, आणि ही बाई चुलीवरच्या हंड्यांशी एकटी झुंजत राहिली. दोलोसाठी मोड आणून वाळवलेली ज्वारी ती माझ्याच गिरणीवर दळायला आणायची, त्यामुळे तिच्या तोंडाचा पट्टा मी इतरांपेक्षा जास्त सोसला आहे. पण गावात भांडण झालं की ते मिटवायला माणसं तिलाच बोलावत. ती दोन्ही बाजूंना इतकं झोडपायची की त्यांना एकमेकांची दया यायची.

हामा फुलानी. आम्ही बोबो शेती करणारे, ते गुरं राखणारे. आमच्या दोन जमातींमध्ये थट्टेचं नातं आहे. ते कोणी जोडलं हे आमच्या आज्यांनाही ठाऊक नव्हतं. फुलान्याने बोबोला गुलाम म्हणायचं, कुत्रंखाऊ म्हणायचं. बोबोने फुलान्याला चोर म्हणायचं. जो रागावेल त्याला सगळ्यांनी हसायचं. लग्नात, बारशाला, पंचायतीत हे हवंच. फुलानी उभा राहिला आणि एकाही बोबोने त्याला चोर म्हटलं नाही, तर तो घरी जाऊन बायकोला विचारी, माझं काही चुकलं का?

गावातल्या निम्म्या गाई हामाकडे राखोळीला होत्या. त्यांत क्लेमांतीनच्याही तीन. संध्याकाळी तो कळप घेऊन तिच्या दोलो विकायच्या छपरासमोरून जाई, तेव्हा बाकावर बसलेले पिणारे पेले खाली ठेवून कान टवकारत.

"चोरा, माझ्या गाई दाखव आधी! काल एक शिंग कमी भरलं."

"गुलामाच्या गाई मालकाच्याच असतात गं. आज कुत्रं शिजलंय का? वास सुटलाय."

"शिजलंय. पण तुझ्या असल्या काटकुळ्या पायांना बघून ते हंड्यातून उठून पळेल."

एवढं झालं की तो तिच्या दारात दुधाचा तुंबा ठेवी, आणि ती दोलोचा चोथा त्याच्या वासरांसाठी टोपलीत भरून देई. टोपली न्यायला त्याची बायको दिक्को येई. तिची जीभ नवऱ्याहून तिखट. दोघी बायका भांडायला लागल्या की मी गिरणी बंद करून ऐकत असे.

मग उत्तरेकडे हत्यारबंद टोळ्या गावं जाळू लागल्या. सैन्य पुरेना. एके दिवशी क्लेमांतीनच्या छपरात रेडिओवर बातमी आली, की राजधानीत नव्या कायद्याचा मसुदा मांडला आहे. संकटकाळी गावोगावच्या नागरिकांनी स्वखुशीने बंदुका घ्यायच्या. सरकार दोन आठवडे शिकवणार, काडतुसंही सरकारच देणार.

"दोन आठवडे?" क्लेमांतीन म्हणाली. "मला दोलो शिकायला दोन वर्षं लागली. आणि दोलोने कोणी मरत नाही."

"तुझा नवरा मेला की," कोणीतरी म्हणालं.

"तो माझ्या दोलोने नाही मेला. शेजारणीच्या दोलोने मेला."

सगळे हसले. मोपेड दुरुस्त करणारा सियाका मिलोगो, आमच्या मुखियाचा पुतण्या, तेवढा हसला नाही. "हसा," तो म्हणाला. "उद्या तेच तुमच्या दारात आले म्हणजे माझ्याकडेच पळत याल."

हामा पीत नसे. तो छपराबाहेर, एक गुडघा वळत नसल्याने, काठीवर रेलून ऐकत होता. "मलाही घेतील का रे?" त्याने विचारलं. "रानातली एकेक वाट मला माहीत आहे. कोण नवा माणूस कुठून गेला, ते मला माती सांगते." बोलणं अगदी खरं होतं. गावाला राखणदार हवा असेल तर त्याच्यासारखा दुसरा नव्हता. आणि दुसरीही एक गोष्ट होती, ती तो बोलला नाही. शेजारच्या गावांतून फुलान्यांकडे लोक वाकड्या नजरेने बघू लागले होते, कारण टोळ्यांत फुलानी पोरं आहेत असं ऐकू येत होतं. गावाच्या बाजूने बंदूक हाती धरली तर आपल्या घराकडे कोणी बोट दाखवणार नाही, असा त्याचा भाबडा हिशेब.

कायदा मंजूर झाला. टाळ्या रेडिओवर ऐकू आल्या. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकाला तरी आमच्या गावात एक रात्र झोपवायला हवं होतं.

इच्छुकांना गावसभेची संमती लागेल, असं त्या कायद्यात होतं. कागदावर किती छान. तालुक्याहून एक अधिकारी आला, शाळेच्या पटांगणात सभा भरली. एकेक जण उभा राही, अधिकारी विचारी, "कोणाची हरकत?" सियाका उभा राहिला तेव्हा कोणी तोंड उघडलं नाही. मुखियाच्या पुतण्याला कोण हरकत घेणार? मग हामा उभा राहिला. अंगात धुतलेला सदरा, हातात नेहमीची काठी.

"कोणाची हरकत?"

सगळ्या माना क्लेमांतीनकडे वळल्या. ती गप्प बसली असती तर तो त्याचा अपमान झाला असता. ती उठली, पदर खोचल्यासारखं कमरेचं वस्त्र घट्ट केलं आणि गरजली, "माझी हरकत आहे! हा चोर, ह्याचा बाप चोर, ह्याच्या गाईसुद्धा चोर! रानातल्या दरोडेखोरांना हाच दूध पाजतो, नाहीतर एवढं दूध जातं कुठं? ह्याला बंदूक दिलीत तर आधी तीच विकून खाईल!"

पटांगण हसून लोटपोट झालं. हामा तर काठी टाकून खाली बसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. सियाका हसला. अधिकारीही हसला. त्याच्याही जमातीचं असंच नातं दुसऱ्या एका जमातीशी होतं. मग हसू पुसून तो म्हणाला, "बरं, ह्याचं नंतर बघू."

ते नंतर कधी आलं नाही. बंदुका सियाकाला आणि त्याच्या दोस्तांना मिळाल्या. क्लेमांतीन अधिकाऱ्याच्या गाडीमागे धावत गेली. "साहेब, ती थट्टा होती. त्याच्यासारखा माणूस नाही आमच्या गावात."

"माहीत आहे, आजी," तो म्हणाला आणि काच वर केली.

माकडाच्या हाती कोलीत दिलं की माकड काय करतं, ते आम्ही पाहिलं. आधी रस्त्यावर आडवं लाकूड टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवणं, मग बाजारात फुकट कोंबड्या. पुढे शेजारच्या गावावर खरोखर टोळी आली, तेव्हा आमचे शूरवीर पोचले ते घरं जळून गेल्यावर. लोक तोंडावर काही बोलले नाहीत, पण बघत होते. सियाकाला काहीतरी करून दाखवणं भाग होतं.

हामाला त्यांनी फुलान्यांच्या वस्तीतून, गुरांच्या वाडग्यातून उचललं, तेव्हा क्लेमांतीन माझ्या गिरणीवर होती. बातमी ऐकताच पीठ तसंच टाकून ती शाळेकडे धावली, मीही मागे. शाळा कधीच बंद झाली होती, आता ती ह्यांची चौकी. हामा व्हरांड्यात बसला होता, हात मागे बांधलेले, ओठ फुटलेला.

"सोड त्याला," ती सियाकाला म्हणाली.

"मावशी, तूच तर सांगितलंस. दरोडेखोरांना दूध पाजतो म्हणून."

"अरे गाढवा, ती थट्टा होती! तूसुद्धा हसला होतास!"

"हसलो होतो," सियाका शांतपणे म्हणाला. "सगळेच हसले. पण बोललीस तू. साहेबांच्या समोर, भरसभेत. साक्ष तुझी आहे."

तो गैरसमज नव्हता. गैरसमज असता तर मी आजही देवाला दोष देऊन मोकळा झालो असतो. त्याला सगळं कळत होतं. त्याला गुन्हेगार हवा होता, आणि आमच्या वाडवडिलांनी जपलेलं नातं त्याला फुकटात हाती लागलं.

हामाने मान वर केली. "घरी जा गं, कुत्रंखाऊ," तो म्हणाला. "तुझी दोलो करपेल."

"करपू दे," ती म्हणाली. पुढची शिवी तिला सुचली नाही. मुखियाकडे गेलो, तर तो ताप आल्याचं सांगून निजलेला.

दुसऱ्या दिवशी हामा रस्त्याकडेच्या नाल्यात मेलेला सापडला. पळत होता, म्हणे. ज्याचा एक गुडघा वळत नव्हता, तो माणूस पळत होता. त्याचा सगळा कळप सियाकाने 'ताब्यात' घेतला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे चोरच सूळ घेऊन उभा होता.

दुपारी सियाका क्लेमांतीनच्या दारात आला. मागे तिच्या तीन गाई. "घे मावशी, चोराकडून सोडवून आणल्या. तुझ्यामुळे काम सोपं झालं."

तिने दावं हातात घेतलं. मला वाटलं आता ही ह्याचा जीव घेते. पण ती गाई हाकत सरळ फुलान्यांच्या वाडग्याकडे निघाली.

आमच्यात फुलानी मेला की बोबोने जाऊन मातीच्या वेळी धिंगाणा घालायचा असतो. ऊठ आळशा, गाई कोण चारणार, अशा शिव्या घालायच्या, म्हणजे रडणारी माणसं एकदा तरी हसतात. हामाच्या बापाच्या वेळी क्लेमांतीन खड्ड्यातच आडवी झाली होती, दूध दिल्याशिवाय उठणार नाही म्हणून.

वाडग्यात बायका गाढवांवर चटया बांधत होत्या. त्या गाव सोडून निघाल्या होत्या. दिक्कोने क्लेमांतीनला पाहिलं. ती उठली, बांधलेली एक चटई सोडून अंथरली, दोन्ही हातांनी पाणी दिलं. मग परक्या पाहुणीला विचारावं तसं हळू आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक? तब्येत बरी? मुली सुखात आहेत ना?"

क्लेमांतीनने पाण्याला हात लावला नाही. "दिक्को, असं नको बोलूस. ह्या गाई घे. मी तुझी गुलाम आहे, मला शिवी दे."

"गाई तुमच्या आहेत, बाई. तुम्ही घेऊन जा."

"कुत्रंखाऊ म्हण. काय वाटेल ते म्हण. एक तरी शिवी दे गं!"

दिक्कोने चटई उचलून झटकली, गुंडाळली आणि गाढवावर परत बांधली.

"देव तुमचं घर सुखी ठेवो," ती म्हणाली, आणि गाढव हाकलं.