जेवणाच्या टेबलाची गाडी

माझी सून शोरूममध्ये गाड्या विकते. गाडी विकायची त्यांची एक रीत आहे. ग्राहकाला गाडीभोवती फिरवायचं. बॉनेटपासून सुरुवात, मग ड्रायव्हरची बाजू, मग डिकी, मग दुसरी बाजू, आणि सगळ्यात शेवटी आत बसवायचं. कुठे थांबून काय बोलायचं तेही ठरलेलं. डिकीपाशी उभं राहून इंजिनाचं बोललात तर साहेबांच्या कपाळाला आठी पडते.

नवी गाडी यायची असली की हे पाठांतर आमच्या घरी चालतं. जेवणाचं टेबल म्हणजे गाडी. खिडकीकडचं टोक बॉनेट, फ्रिजकडची बाजू डिकी, आणि ग्राहक मी. या टेबलावर मी आजवर इतक्या गाड्या बघितल्या आणि एकही घेतली नाही. असलं गिऱ्हाईक शोरूममध्ये आलं असतं तर शिपायाने दारातूनच परत पाठवलं असतं.

पूर्वी माझा मुलगाही ग्राहक व्हायचा. गाडी उन्हात ठेवली तर वितळेल का, मागे बसलेल्याला वेगळं स्टिअरिंग मिळेल का, असलं काहीतरी तोंड गंभीर ठेवून विचारायचा. सुनेला हसू फुटायचं आणि मग सगळं पुन्हा बॉनेटपासून. गेल्या वर्षी कामावर असताना त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. सून रडली असेल तर मी पाहिलं नाही. मी रडले का, तेही मला नीट आठवत नाही. तेव्हापासून आम्ही सकाळी उठतो, चहा घेतो, ती कामाला जाते, मी घरी राहते. भांडण नाही की बोलणं नाही. संध्याकाळी ती आली की मी दिवा लावते, कारण तिला लावायचं सुचत नाही.

माझ्या लेकीचं म्हणणं, आता तू माझ्याकडे ये, वहिनीला तिचं आयुष्य आहे, तू तिथे बसून काय करणार. महिनाअखेरीला न्यायला येते म्हणाली. तिने माझ्यासाठी खोली आवरली, पडदेसुद्धा नवे लावले. मी सुनेला सांगितलं की लेक बोलावतेय. ती म्हणाली, "बरं." जा म्हणाली नाही, राहा म्हणाली नाही.

मला जायचं नव्हतं. पण सरळ विचारलं असतं तर ती भिडेपोटी राहा म्हणाली असती, आणि भिडेपोटी ठेवून घेतलेल्या म्हाताऱ्या मी बघितल्यात. दाराशी बसतात आणि कोणी आलं की उगाच हसतात. म्हणून मी कपाटावरची बॅग खाली काढून ठेवली. म्हटलं, बघू काय बोलते. तिने केर काढताना बॅग उचलली, खालचं झाडलं आणि बॅग पुन्हा होती तिथेच ठेवली.

त्याच आठवड्यात ही नवी गाडी आली. एसयूव्ही, पण छोटी. बघायला जीपसारखी उंच, चालवायला साध्या गाडीसारखी, म्हणजे धड ही नाही आणि धड ती नाही, आणि लोकांना म्हणे तेच हवंय. सून रोज संध्याकाळी टेबलाभोवती फिरायची. टर्बो इंजिन, शून्यापासून शंभरचा वेग अकरा सेकंदांत. चढावर ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी मागे सरकत नाही. समोर कोणी आडवं आलं तर स्वतःच ब्रेक लावते. सहा एअरबॅग. छताला काच, बटण दाबलं की उघडते. गाडी खालून उंच, त्यामुळे खड्ड्यात घासत नाही. काचा बंद केल्या की बाहेरचा आवाज आत येत नाही. हे सगळं ती एकाच सुरात म्हणायची, नजर फ्रिजवर. आवाज आत न येण्याचं म्हणाली की मी मान डोलवायची. मला ते लगेच पटायचं.

साहेब सगळ्यांचं पाठांतर ऐकणार होते, त्याच्या आदल्या संध्याकाळी नेमका तिचा घसा बसला. गरम पाण्याचा पेला घेऊन ती माझ्या खुर्चीत येऊन बसली आणि म्हणाली, आई, आज तुम्ही म्हणा, मी नुसता क्रम बघते. माझी शाळा चौथीत संपली, पण ऐकून ऐकून मला सगळं पाठ झालं होतं. मी पदर खोचला आणि टेबलाला फेरी घातली. एअरबॅग ड्रायव्हरच्या बाजूला सांगायच्या त्या मी डिकीत सांगितल्या. तिने बोटाने मागे जायची खूण केली. मी मागे गेले.

शेवटी आत बसवायची वेळ आली. तिथे आधी ग्राहकाला त्याच्या घरचं विचारायचं आणि मग त्याप्रमाणे सीटांचं सांगायचं, अशी रीत. मीही विचारलं, "मॅडम, घरात माणसं किती?"

ती घोटभर पाणी प्यायली. "दोघी," ती म्हणाली. "मी आणि माझ्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात. आधी त्यांना चढता-उतरता येतंय का बघणार, मग बाकीचं."

हे बोलतानाही ती फ्रिजकडेच बघत होती. मला पुढचं काही आठवेना.

ती म्हणाली, "सीटची उंची."

मग मी सीटची उंची सांगितली. फार खाली वाकावं लागत नाही, फार वर चढावं लागत नाही, वयस्कर माणसांना सोयीची. ती म्हणाली, बरोबर. पेला घेऊन ती आत गेली.

मी लेकीला फोन लावला आणि सांगितलं की न्यायला येऊ नकोस. पडदे वाया गेले म्हणून ती आधी चिडली, मग म्हणाली, "वहिनी राहा म्हणाली का तुला?"

मी म्हटलं, "नाही. मी तिला घरात माणसं किती विचारलं. तिने सांगितलं."

"म्हणजे काय? मला काही कळलं नाही, आई."

म्हटलं, तू आलीस की सांगेन सावकाश, आणि फोन ठेवला. आत सून गुळण्या करत होती. तिचं पाणी गार झालं असेल म्हणून मी गॅसवर दुसरं ठेवलं.