ताणावर सोडलेली लिंबोणी

आमच्या इमारतीला गॅलरी नाही. बांधणाऱ्यानं गॅलरीच्या जागेतही खोल्या काढल्या आणि विकून मोकळा झाला. वर गच्ची आहे, पण तिथं टाक्या आहेत, दाराला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे, कारण मी सोसायटीचा सेक्रेटरी. एस.टी.तून निवृत्त झाल्यावर हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून हे पद घेतलं आणि तेव्हापासून बारा बिऱ्हाडांच्या पाण्यावरून शिव्या खातो आहे. नळाला पाणी तीन दिवसांनी येतं. कोणाच्या घरातून थेंब जरी वाया गेला तरी मला तो ऐकू येतो, असं बायको म्हणते.

तिसऱ्या मजल्यावरच्या शांतीलाल आबांशी माझं पहिलं भांडण पाण्यावरूनच झालं. त्यांच्या खिडकीतून माझ्या वाळत घातलेल्या सदऱ्यावर पाणी ठिबकत होतं. मी तणतणत वर गेलो. दार उघडलं तर समोर पूर्वेच्या खिडकीत, एका पसरट मातीच्या परळात, वीतभर लिंबोणी. उंची वीतभर, पण अंगानं पुरी म्हातारी. खोड पीळ पडलेलं, फांद्या तारांनी वाकवून बसवलेल्या, आणि वर दोरीनं खाली ओढून बांधलेली ट्यूबलाइट.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"झाड शे," आबा म्हणाले आणि दार लावून घेतलं. असा माणूस.

त्यांची हकीकत मला पुढं तुकड्यातुकड्यानं कळली. ते तापीकाठचे गुजर शेतकरी. कापूस, केळी, विहिरीजवळ लिंबोणीची काही झाडं. बायको सरलाबाई यांची मूत्रपिंडं निकामी झाली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागू लागलं, म्हणून शेत पुतण्याला बटाईनं देऊन दोघं नंदुरबारात आली. दवाखाना जवळ, म्हणून ही दोन खोल्यांची जागा घेतली. एकुलता मुलगा हेमराज सुरतेला कापडाच्या पेढीवर. तो फोन करी आणि महिन्यातून एकदा येई.

दवाखान्यात वाट बघायच्या खोलीत एक बोन्साय होतं, लाल फुलांनी भरलेलं. सरलाबाईंनी एकदा पानाला हात लावला तर पान हातात आलं. प्लास्टिक. "खोटं शे," त्या म्हणाल्या. मग रिक्षात बसल्यावर विचारलं, "एवढंसं खरं झाड घरमा ऱ्हास का?"

त्याच आठवड्यात आबा गावी गेले आणि विहिरीजवळच्या जुन्या लिंबोणीच्या एका जाड, वेड्यावाकड्या फांदीवर गुटी बांधून आले. बोटभर साल काढायची, तिथं ओलं शेवाळ गुंडाळायचं, की फांदी झाडावर असतानाच मुळं धरते. दीड महिन्यानं ती फांदी कापून त्यांनी घरी आणली. पुढं पुतण्यानं विहिरीवर सोलर पंपाचे पत्रे बसवले आणि सावली पडते म्हणून मूळ झाड तोडून टाकलं. म्हणजे त्या लिंबोणीचं जगात जे काही उरलं, ते आमच्या तिसऱ्या मजल्यावर.

घरात झाड जगवणं म्हणजे लहान मूल सांभाळणं आहे, हे मी नंतर पाहिलं. खिडकीत ऊन येई सकाळचे तीन तास, बाकीचं ट्यूबलाइटवर भागवायचं. कुंडी रोज पाव वळसा फिरवायची, नाहीतर झाड उजेडाकडे एका अंगानं झुकतं. मातीत विटांचा चुरा, तापीची वाळू, जुनं शेणखत. पानं ओल्या फडक्यानं पुसायची. आबा हे सगळं बिनचूक करत. झाड हिरवंगार झालं, पण फुलेना. सरलाबाई पलंगावरून रोज सकाळी विचारत, "फूल उनं का?" आणि आबा रोज सांगत, "नही."

त्या घरात आणखी एक गोष्ट रोज होई. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून देतात. आबांनी स्टीलच्या एका पेल्याला आतून खिळ्यानं रेघ ओढली होती. रेघेपर्यंत पाणी, दिवसातून इतक्या वेळा, बस. डॉक्टरांनी सांगितलेलं आबांनी अडीच वर्षं काटेकोर पाळलं. खान्देशातल्या उन्हाळ्यात हे पाळणं काय असतं, ते पाळणाऱ्यालाच ठाऊक.

गेल्या ज्येष्ठात सरलाबाई गेल्या. फूल न बघता गेल्या. हेमराज तेरा दिवस राहिला, "बाबा, सुरतेला चला," म्हणाला, आबा "बघू" म्हणाले, तो गेला. त्यानंतर सोमवार, बुधवार, शनिवारी, डायलिसिसच्या वारी, आबा सकाळी सहाला धुतलेले कपडे घालून, हातात फाईलची पिशवी घेऊन खाली येत. फाटकापाशी पाच मिनिटं उभे राहत आणि परत वर जात. मी एकदा थट्टेनं विचारणार होतो. जीभ आवरली हे बरं झालं.

त्यांच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. समोरच्या दारातल्या अख्तरबानो साड्यांना फॉल-पिको करून देतात; त्यांच्या मशीनचा आवाज येई तेवढाच काय तो शेजार. आबा झाडाशी मात्र बोलत. मी जिन्यात ऐकलंय.

माघात ते आपणहून माझ्याकडे आले, मी पडायचाच बाकी राहिलो. म्हणाले, "आखाजीले तिनी पहिली घागर शे." आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. गेलेल्या माणसाच्या नावानं त्या दिवशी पाण्यानं घागर भरतात, ऐन उन्हाळ्यात त्याला तहान लागू नये म्हणून. आबांना त्या घागरीवर लिंबोणीची फुलं ठेवायची होती. तिनं इतकी वर्षं विचारलं, एकदा तरी तिला 'हो' सांगायचं होतं. त्यांचं बाकी काही मागणं नव्हतं.

"पण ती फुलत कुठं?" मी म्हणालो.

"मी तिले ताणवर टाकसू," आबा म्हणाले. फळबागवाले बहार धरतात तसं. झाडाचं पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, आणि नेमक्या दिवशी पाणी सोडायचं. जिवाची भीती बसली की झाड पानं सोडून फुलांवर येतं. होळीला पाणी तोडायचं, पाडव्याला सोडायचं, आखाजीपर्यंत फूल. वावरात हे सोपं असतं, खोल मुळं तग धरतात. एवढ्याशा परळात मात्र दोन दिवस चुकले की सगळं संपलं. म्हणून तीन दिवसांतून एक चमचा पाणी, जीव राहण्यापुरतं. सरलाबाई होत्या तोवर हे का केलं नाही, असं मी विचारलं. आबा म्हणाले, "घरमा एक तहानेलं पुरे व्हतं."

होळीला पाणी तोडलं. चार दिवसांत पानं पिवळी पडू लागली. आणि नेमका तेव्हाच सुरतेहून फोन आला, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. आबांनी तारीख पुढं ढकलायला सांगितलं, हेमराज चिडला आणि स्वतः न्यायला आला. झाड रेल्वेनं न्यायचं तर वाऱ्यानं, धक्क्यांनी मेलं असतं. शेवटी किल्ली अख्तरबानोंकडे दिली. मी तिथंच होतो. माझ्याकडे का दिली नाही, याचा मला तेव्हा रागच आला.

"तीन दिनमा एक चमचा," आबांनी दोनदा बजावलं. "जास्त दिन्हं ते सगळं गयं."

अख्तरबानोंनी डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि मान हलवली. रोजे चालू होते. यंदा रमजान आणि होळी लागूनच आले होते.

आठ दिवसांचे बारा झाले. पाडव्याच्या सकाळी आबा काळा चष्मा लावून परतले. पाणी सोडायचा दिवस गाठायचा म्हणून मुलाशी भांडून आले होते. त्यांची पिशवी घेऊन मी वर गेलो. दार उघडलं आणि आबा उंबऱ्यातच थांबले.

लिंबोणी हिरवी झाली होती. प्रत्येक डोळ्यातून बोटभर कोवळी पालवी, पोपटी, लुसलुशीत. मला तर आनंदच झाला. "वा, आबा!" मी म्हणालो. आबांनी चष्मा काढला, झाडाजवळ गेले, एकेक फांदी बोटांनी चाचपली. कळी एकही नव्हती. पाणी आधीच मिळालं होतं. झाडाची भीती गेली आणि ते पानांवर गेलं. आता त्या कोवळ्या पालवीला पुन्हा ताण दिला तर झाडच मेलं असतं.

मशीनचा आवाज थांबला. अख्तरबानो दारात आल्या.

"तुले कोनी सांगं व्हतं पानी देवाले?" आबा ओरडले. त्यांचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली.

अख्तरबानोंचा चेहरा उतरला. "आबा, मेरेकू रहा नहीं गया," त्या म्हणाल्या. "दिनभर मैं प्यासी, और ये भी प्यासा खड़ा. एकेक पत्ता गिर रहा था. मगरिब को खजूर मुँह में डालने से पहले इसको पानी दिया. रोज. भरके."

"कशाने दिलं?" मी विचारलं, सेक्रेटरीची सवय.

त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. झाडाशेजारी स्टीलचा पेला होता, त्या दिवशी हाताशी लागला तो. आबांनी तो उचलला. आत खिळ्याची रेघ होती, आणि रेघेच्या पार वर, काठापर्यंत, पाण्याचे पांढरे डाग.

आबा पलंगावर बसले. ओरडणं संपलं होतं. कोणाकडेही न बघता म्हणाले, "तिनी दुपारले मांगं व्हतं. अर्धा पेला. मी म्हनं, सांजले देसू." पेला मांडीवर ठेवला. "सांज व्हवाना पहिले ती गई."

डॉक्टरांनी सांगितलं तेच तुम्ही केलंत, असं मी म्हणालो. ते खरं होतं आणि काही उपयोगाचं नव्हतं. मला त्यांची फार दया आली आणि स्वतःची थोडी लाज वाटली. अख्तरबानो भिंतीला टेकून रडत होत्या.

त्यानंतर महिनाभर आबांनी झाडाला रोज पाणी दिलं, पण त्याच्याशी बोलताना मी ऐकलं नाही. तीन वारांचं खाली येणंही थांबलं. दार बंद असे.

आखाजीला हेमराजला सुट्टी मिळाली नाही. आबांनी मला जेवायला बोलावलं. आमरस त्यांनी स्वतः काढला होता, पुरणपोळ्या बाहेरून आणल्या होत्या. अख्तरबानो दारात उभ्या होत्या, आत यावं की नाही अशा.

"मझार ये," आबा म्हणाले. त्या आत आल्या आणि कोपऱ्यात बसल्या.

पाटावर नवी मातीची घागर होती, शेजारी खरबूज. खिडकीत लिंबोणी, नुसती पानांची. आबांनी हंड्यात तो पेला बुडवला, काठोकाठ भरला आणि घागरीत ओतला. पुन्हा भरला. घागर तोंडाशी आली तरी ते थांबले नाहीत. पाणी घागरीवरून पाटावर, पाटावरून फरशीवर आलं, माझ्या पायाखालून दाराकडे निघालं. नळाला अजून दोन दिवस पाणी येणार नव्हतं. मी पाय उचलून बसलो आणि तोंडातून शब्द काढला नाही.

"फूल नही उनं, सरला," आबा म्हणाले आणि आणखी एक पेला ओतला. "पानी पी. पोटभर पी. आते कोनी मोजत नही."

हंडा रिकामा होईपर्यंत ते ओतत राहिले.