प आणि क नसलेला सुविचार

आमच्या लेकीच्या शाळेत रोज परिपाठाला एक मूल माइकसमोर येऊन सुविचार सांगतं. आठवडाभर एका वर्गाची पाळी, आणि त्या वर्गातलं रोज एक मूल. जानेवारीतल्या एका सोमवारी पाचवीतली आमची लेक शाळेतून आली, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि म्हणाली, "पप्पा, गुरुवारी सुविचार माझा आहे." मी चहा पीत होतो. तो चहा मी संपवला की तसाच ठेवला, आता आठवत नाही.

लेक बोलताना अडते. मीही अडतो. नातेवाईक हसत हसत म्हणतात, बापावर गेली. त्यात हसण्यासारखं काय असतं ते त्यांनाच ठाऊक. शब्द ओठांपर्यंत येतो, ओठ मिटतात आणि मग मिटलेलेच राहतात. आतून जोर लावावा तेवढं ते घट्ट होत जातं. समोरचा माणूस आधी वाट बघतो, मग नजर फिरवतो, मग स्वतःच आपला शब्द पूर्ण करून देतो, आणि बहुतेक वेळा चुकीचा शब्द देतो. आम्हा दोघांचे वैरी एकच आहेत. प, क, ब आणि ट. स, ह, म, र, न ही मंडळी मात्र सरळ जातात.

मी या मंडळींच्या आधारानंच आजवर निभावून नेलं आहे. कॉलेजात असताना मला पंचवटीत उतरायचं असे, पण कंडक्टरसमोर तो शब्द निघत नसे. मग मी अलीकडच्या शालिमारचं तिकीट काढी आणि पुढे पूल ओलांडून चालत जाई. हॉटेलात मित्र काहीबाही मागवायचे, मी मिसळ. आजही ऑफिसातल्या सगळ्यांना वाटतं, मला मिसळ फार आवडते. आता मी इंदिरानगरात एका आर्किटेक्टकडे नकाशे काढतो. दिवसभर कॉम्प्युटरवर रेघा ओढायच्या, विचारलं तर मान हलवायची. काम आवडीचं आहेच, पण ते मी का निवडलं हे मला पक्कं माहीत आहे.

आणि आता माझ्या पोरीला अख्ख्या शाळेसमोर माइकवर उभं करणार. मला वर्गाच्या बाईंचा भयंकर राग आला. वर्गात एवढी चुरूचुरू बोलणारी पोरं असताना हिलाच कशाला? बायकोला मी तसं म्हणालोही. लेक आत कपडे बदलत होती, तिथूनच म्हणाली, "बाईंनी नाही दिलं. मी हात वर केला होता."

बाईंनी दिलं असतं तर जाऊन सांगता आलं असतं, नका देऊ म्हणून. हिनं स्वतःच हात वर केल्यावर कोणाला सांगणार?

मग मी ठरवलं, निदान वाक्य तरी असं द्यायचं की जे तिला कुठंच अडणार नाही. सुविचारांचा मला एरवी तिटकारा आहे. सकाळी उठून मोबाइल उघडावा तर गुलाब, सूर्योदय, वाफाळता कप, आणि त्यावर कोणीतरी आपल्याला सुधारायला बसलेलं. ज्या मेहुण्यानं आयुष्यात वेळेवर कुठं पोचून दाखवलं नाही तो रोज वेळेचं महत्त्व पाठवतो. मी न वाचता सोडून देत असे. त्या आठवड्यात मात्र मी ते सगळे उकरून उकरून वाचले. एकेका शब्दाचं पहिलं अक्षर तपासत गेलो तेव्हा कळलं की आपल्याकडचे सुविचार मुख्यतः तीन शब्दांवर उभे आहेत: प्रयत्न, परिश्रम आणि कष्ट. पेरणी, पीक, पाऊल, पर्वत, कर्तव्य, काळ हे त्यांचे भाऊबंद. माणसाला सुधारायचं असेल तर त्याला आधी प आणि क नीट म्हणता आलेच पाहिजेत, असा जणू नियमच.

मंगळवारी ऑफिसात माझं चित्त कामावर नव्हतं. एका बंगल्याचा जिना काढताना मी एक पायरी कमी काढली. साहेबांनी ती पाहिली आणि विचारलं, बरं नाही का? मी मान हलवली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जिना आणि बाजूच्या कागदावर सुविचार, असा तो दिवस गेला. शेवटी एक वाक्य जुळलं. "हसऱ्या मनात नवे विचार राहायला येतात." ह, म, न, व, र, य. एकही वैरी नाही. मला इतकं बरं वाटलं की मी ते परत परत पुटपुटून पाहिलं. लोण्यातून सुरी जावी तसं जात होतं.

घरी येऊन लेकीला सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "पण हे खोटं आहे. मला रडतानाच जास्त विचार येतात."

"सुविचार खरा असायला लागत नाही," मी म्हणालो. "म्हणायला सोपा पाहिजे."

तिनं ते वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाली, "बरं."

वाचा-उपचाराच्या मॅडमकडे आम्ही तिला महिन्यातून दोनदा नेतो. त्यांनी पहिल्याच भेटीत मला सांगितलं होतं, शब्द टाळायला शिकवू नका, अडला तर अडू द्या. मी तेव्हा समजूतदार चेहऱ्यानं मान हलवली होती. पण त्या खोलीत बसून मान हलवणं वेगळं आणि शाळेच्या मैदानावर आपली पोरगी उभी राहणं वेगळं.

बुधवारी संध्याकाळी मी सराव घ्यायचं काढलं. बायको देवळ्याकडची. इतकी वर्षं शहरात काढली तरी चिडली की तिकडचं बोलणं तोंडात येतं. ती मेथी निवडत बसली होती. "अहो, लय डोकं नका चालवू," ती म्हणाली. "ती पोरगी हाय, तुमचा नकाशा नाय." तरी लेकीच्या हौसेखातर उठली, लाटणं आणलं आणि माइकसारखं तिच्यापुढे धरून बाईंच्या आवाजात म्हणाली, "हं, या पुढे. आधी नाव सांगा, इयत्ता सांगा, मग सुविचार."

नाव मी विसरलोच होतो.

त्या शाळेची ती पद्धतच आहे. मूल आधी आपलं नाव आणि इयत्ता सांगतं, मग 'आजचा सुविचार' म्हणतं, मग तो दोनदा सांगतं. लेकीला सोडायला उशीर झाला की फाटकाबाहेर ते माझ्या कानांवर पडतं. दोन दिवस वाक्यातलं अक्षर न् अक्षर चाळणीतून काढताना हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि लेकीचं नाव प वरून. माझ्या बहिणीनं हौसेनं ठेवलेलं, सुंदर नाव आहे, पण मी स्वतः तिला राणी म्हणतो, कारण सांगायची गरज नाही. वर इयत्ताही पाचवी. सुविचार बदलता येतो. नाव कसं बदलणार?

लाटण्यासमोर लेक म्हणाली, "माझं नाव..." आणि ओठ मिटले. मानेची शीर वर आली. बायको शांतपणे लाटणं धरून उभी राहिली. मला मात्र तिथं बसवेना. मी उठून पाण्याचा ग्लास भरायला गेलो. आतून ऐकलं, नाव निघालं होतं, पुढचं सगळं सरळ गेलं होतं.

मी बाईंना निरोप टाइप केला. उद्या नाव आणि इयत्ता तुम्हीच सांगाल का, तिनं फक्त सुविचार सांगितला तर चालेल का? फोन करण्याची माझी छाती नव्हती. बाईंचं नावही क वरून आहे. बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "काळजी करू नका, तिला जमेल." खाली हात जोडलेले, आणि त्याखाली सूर्यफुलाचं चित्र. चित्रावर काय लिहिलं होतं ते मी वाचलं नाही.

गुरुवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. स्कूटरवर लेक माझ्या मागे बसली होती आणि मी रस्ताभर कान मागे लावून होतो, ती वाक्य पुटपुटते आहे का म्हणून. ती कुठल्यातरी जाहिरातीचं गाणं गुणगुणत होती. फाटकाशी उतरली, टोपी नीट केली आणि आत गेली. एरवी मी तिथूनच वळतो. त्या दिवशी ऑफिसला उशीर होईल असं कळवलं आणि स्कूटर फाटकाच्या बाजूला लावून उभा राहिलो. नातवाला सोडायला आलेले एक आजोबाही मफलर गुंडाळून थांबले होते.

प्रार्थना झाली. प्रतिज्ञा झाली. एका मुलानं बातम्या वाचल्या. मग बाईंनी माइकचा दांडा खाली केला आणि लेक समोर आली. फाटकातून ती मला पुरती दिसत होती, लाल स्वेटर, हात मागे.

"माझं नाव," ती म्हणाली. आवाज छान खणखणीत आला. आणि मग थांबला.

ओठ मिटले असणार, आणि प म्हणायचा प्रत्येक प्रयत्न माइकवर फट् असा आपटत होता. ही गोष्ट माझ्या कोणत्याच हिशेबात नव्हती. घरात लाटण्यासमोर ते नुसतंच अडणं होतं, इथं ते भोंग्यातून रस्त्यापर्यंत येत होतं. फट्. मग शांतता. परत फट्. मैदानात कुठंतरी खुसखुस झाली, एका बाईंनी शू केलं. माझा जबडा आपोआप आवळला गेला होता, जणू तो शब्द मलाच ढकलायचा होता.

मफलरवाले आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "माइक खराब हाय वाटतं."

"हो," मी म्हणालो.

मग नाव आलं. पाचवी दोन तुकड्यांत आली. आणि हसऱ्या मनात नवे विचार राहायला येतात हे वाक्य दोन्ही वेळा असं भर्रकन गेलं की कोणाच्या ध्यानातही आलं नसावं. टाळ्या वाजल्या, सगळ्यांना वाजतात तेवढ्याच. मी गाडी काढली.

ऑफिसात त्या दिवशी मी काय काम केलं ते देव जाणे. सारखं एकच डोळ्यांपुढे येत होतं. पोरं तिला मधल्या सुट्टीत फट् फट् करून चिडवत असतील, ती बाकावर डोकं ठेवून बसली असेल, उद्यापासून शाळेत जाणार नाही म्हणेल, आणि मग हळूहळू माझ्यासारखी होईल. हेच मला सगळ्यात जास्त लागत होतं. पुढे कधीतरी कोणत्यातरी ऑफिसात ती मान हलवत बसेल आणि न आवडणारी मिसळ खाईल. साहेबांकडे अर्धी रजा मागितली आणि शाळा सुटायच्या आधीच फाटकाशी जाऊन उभा राहिलो.

ती मैत्रिणींबरोबर बाहेर आली. फाटकाबाहेरच्या गाडीवरून बोरं घेतली, मीठ लावून घेतलं आणि खात खात माझ्यापाशी आली.

"कसं झालं?" मी विचारलं.

"तुम्ही होतात की."

"मी लगेच गेलो होतो."

"नाही," ती म्हणाली. "मला माइकपासून फाटक दिसतं. मी अडले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. तुम्ही एकटेच खाली बघत होता."

ते खरं होतं. ती अडली होती तो सगळा वेळ मी स्कूटरच्या पायदानावरचा वाळलेला चिखल बघत होतो.

"हसलं का कोणी?"

"हसले ना. मग थांबले." तिनं बी हातात काढून ठेवली. "उद्या पण मीच सांगणार आहे. जिची पाळी आहे तिला ताप आलाय. बाई म्हणाल्या कोण सांगणार, मी हात वर केला."

"आणि सुविचार?"

"तो मी केलाय. आमच्या शाळेत पाण्याच्या टाकीचा नळ सगळे तसाच सोडून जातात, म्हणून." मग ती म्हणाली, "कोणी बघत नसेल तरी नळ बंद करावा." को वर ती चांगलीच अडली. बंद वरही. सावकाश, बोरं सांभाळत, शेवटपर्यंत गेली.

मी मनातल्या मनात अक्षरं तपासायला लागलोसुद्धा होतो. पहिलंच क. मग ब, पुन्हा ब, शेवटाला परत क. कोणी ऐवजी दुसरं काय घालता येईल हे माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. तिला ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"त्यात क आहे, मला माहितीय," ती म्हणाली आणि स्कूटरवर मागे चढून बसली. "तुम्ही या उद्या. पण आलात तर वर बघा."